मोजणारी आणि फिरणारा

३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की ड्रायव्हरबाईंना दुखापत झाली तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते आणि तरी मला वेळेवर थांबवता आलं नाही. हे खरं नाही. मी बघत नव्हते. मी मोजत होते, आणि मोजताना माझे डोळे मिटलेले असतात. तुला हे वेगळं सांगायला नको, तूच शिकवलंस. पत्र पेटीत टाकून परत येताना जिन्यात लक्षात आलं. बघत नसताना ‘बघत होते’ असं मी का लिहिलं असेल? बहुतेक वाटलं असेल की दोष घ्यायचाच तर सगळा घ्यावा.

पण डोळे मिटलेले होते म्हणून माझी चूक कमी होत नाही. उलट वाढते. मागचं पत्र घाईत लिहिलं होतं, म्हणून पुन्हा नीट लिहिते. सकाळचा वर्ग होता. नेहमीसारखी मी पुढे बसून श्वास मोजत होते आणि काका वर्गात फिरून हातांनी आसनं दुरुस्त करत होते. पाय लांब करून पुढे वाकायचं आसन चाललं होतं. मी श्वास सोडायला सांगितला आणि दुसऱ्या रांगेतून एकदम किंकाळी आली. डोळे उघडले तर ड्रायव्हरबाई कुशीवर पडलेल्या, मांडी धरून. काका त्यांच्याजवळ उभे. डॉक्टर म्हणतात, मांडीच्या मागचा स्नायू बैठकीच्या हाडापाशी फाटला आहे. शहर बस चालवणाऱ्या बाईला बसता येत नाही, आत्या. बसणं हेच त्यांचं काम.

काका म्हणाले, “तुझी मोजणी लांबली. लोक ताणात अडकून राहिले.” मला तरी नेहमीसारखीच वाटली होती, पण डोळे मिटून मोजणाऱ्या माणसाला काय कळणार? आणि आपल्या घराची रीत तर तू जाणतेसच: मोजणाऱ्याने डोळे मिटायचे, फिरणाऱ्याने बोलायचं नाही, आणि वर्ग मोजणाऱ्याचा. म्हणजे जे काही झालं ते माझ्या वर्गात झालं.

२३ तारखेच्या रविवारी सगळ्या तुकड्या एकत्र येणार आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून मी माझी मोजणी चुकली असं सांगायचं आणि वर्षभर शिकवणं थांबवायचं, असं काकांनी ठरवलंय. मला ते बरोबर वाटतंय. खरं सांगू का, शिकवायची माझी लायकी होती का, हाच प्रश्न पडलाय. वर्गात पुढे बसले की हात गार पडतात. काल उजवा पाय म्हणायचं तिथे डावा म्हणाले.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तुझ्या आणि काकांच्या मधले भावंड. भांडणाचा वास आला की ते चपला शोधायला लागतात.

तुझी,
काटकुळी

६ एप्रिल

चि. काटकुळीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना इतकी चिडले की चहा उतू गेला, आणि शेगडी पुसताना आणखी चिडले.

कुणावर चिडले? तुझ्यावर. डोळे मिटलेले होते ना? मग मोजणी लांबल्यामुळे बाई दुखावली हे तुला कुठून कळलं? अगं, लहानपणी दुधाच्या पातेल्यासमोर बसवून तुला हेच शिकवलं होतं. फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे घालून बसायचीस, आठवतं? दूध वर आलेलं डोळ्यांनी दिसलं, ते प्रत्यक्ष. दुसऱ्या खोलीत करपल्याचा वास आला, म्हणजे दूध गेलं असणार, ते अनुमान. मी ओरडले “अगं, दूध गेलं!” आणि आत्या खोटं बोलणार नाही म्हणून तू धावलीस, तो आगम. खरं कळण्याचे रस्ते एवढेच. आणि ज्ञानासारखी दिसणारी पण ज्ञान नसलेली एक गोष्ट असते, तिचं नाव विकल्प. नुसते शब्द. खाली पातेलंच नाही.

‘माझी मोजणी लांबली’ हे यातलं कुठलं? सांग. तू पाहिलं नाहीस. कशावरून ताडलंही नाहीस. धाकट्याने, तुझ्या काकाने, सांगितलं आणि तू पदरात घेतलंस. विश्वासाच्या माणसाने सांगितलं हे मान्य, पण विश्वासाचा माणूस म्हणजे ज्याने स्वतः पाहिलंय आणि ज्याला लपवायचं काही नाही असा. दुसरी अट तू तपासलीस का?

स्वतःला दोष देण्याला तू नम्रपणा समजतेस. मला तो आळस वाटतो. तपासायचे कष्ट वाचतात.

डोळे मिटले होते, पण कान उघडे होते ना? मोजणाऱ्याला सगळ्या वर्गाचा श्वास ऐकू येतो. काय ऐकलंस ते आठव आणि लिही. आणि त्या बाईला जाऊन भेट. अजून गेली नाहीस हे पत्रावरून कळलंच मला. माफी मागायची हिंमत आहे म्हणे आणि भेटायची नाही!

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी विषय बदलते.

आत्या

१० एप्रिल

ती. आत्यास,

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी लिहिते.

मी ऐकलं ते असं. वर्गाचा श्वास एकत्र खाली जात होता, खालच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या इस्त्रीची वाफ सुटते तसा. मग काकांचा गुडघा वाजला. ते खाली बसले की उजवा गुडघा कट्‌ करतो, तुला माहीत आहे. आवाज दुसऱ्या रांगेतून आला. त्यानंतर एक श्वास बाकीच्यांपासून वेगळा झाला. तो सोडलेला नव्हता, दाबून बाहेर काढल्यासारखा होता. मग किंकाळी. हा क्रम मी रोज तपासला आणि रोज तोच आला. इतके दिवस तो माझ्या कानात होता आणि मी त्याच्यावर काकांचं एक वाक्य ठेवून दिलं होतं, भांड्यावर झाकण ठेवतात तसं.

काल ड्रायव्हरबाईंकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दार उघडंच. त्या पलंगावर पालथ्या पडून वाटाणे सोलत होत्या.

“या ताई, बसा. मी काही बसणार नाही, तुम्ही तरी बसा.”

मी उभ्यानेच पाठ केलेलं म्हणून टाकलं, की माझी मोजणी लांबली, मला माफ करा.

“मोजणी?” त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “मोजणीचं काय मध्येच? तुमच्या मोजणीवर तर मला झोप येते. सर म्हणाले, मीच अडवून धरलं. शरीर हट्टी आहे म्हणाले. मनात भीती असली की स्नायू असा उलटा ओढतो म्हणे. मी म्हटलं असेल बाई. पण कसली भीती? भर बाजारात बस मागे घेते मी.”

“तुम्हाला कुणी दाबलं का?”

“दाबलं कशाला, निजलेच की सर पाठीवर! आधी हात, मग छाती. मी ‘पुरे’ म्हटलं. दोनदा म्हटलं. तोंड गुडघ्यांत, कुणाला ऐकू जाणार? आणि सर तर फिरताना बोलत नाहीत. मला वाटलं, पद्धतच असेल.”

तो ‘पुरे’ मला ऐकू आला नव्हता. ऐकला होता असं मी लिहिणार नाही.

मग त्यांनी मला विचारलं, “ताई, खरं सांगा, माझं शरीरच वाईट आहे का? डेपोतून निरोप आलाय, बसता येत नसेल तर दुसरं काम बघा म्हणून. रोज आरशात बघते आणि मनात येतं, आपणच आपलं वाटोळं केलं.”

आत्या, त्या क्षणी मला जे झालं त्याला राग हा शब्द पुरत नाही. एक हात. एका माणसाचा एक हात, आणि त्याने दोन बायकांना वेगवेगळं गाठून वेगवेगळं सांगितलं. मला म्हणे तुझी मोजणी, तिला म्हणे तुझं शरीर. दोघी आपापल्या खोलीत स्वतःला खात बसलो! मी तिची माफी मागायला गेले आणि ती माझ्याकडे स्वतःच्या शरीराची तक्रार करत होती. आणि ज्याच्या छातीचं वजन होतं, तो रोज सकाळी ताजातवाना होऊन संतोषावर, समाधानावर बोलतो.

मी त्यांना सांगितलं की तुमचं शरीर वाईट नाही. एवढंच बोलता आलं. वाटाणे सोलून दिले.

आता तू सांग. तूच प्रश्न विचारलेस, तूच तीन रस्ते दाखवलेस. मी तिन्ही चालून आले: कानांनी ऐकलं, त्यावरून ताडलं, आणि जिला लपवायचं काही नाही अशा बाईने सांगितलं. तिन्ही एकाच दारात आले. आता दार ठोठावायचं ना?

काटकुळी

१३ एप्रिल

चि. काटकुळीस,
आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तू भेटून आलीस हे बरं केलंस. आता तुझी तुला खात्री पटली, शंका गेली, माझं काम झालं. यापुढचं शांतपणे कर.

माझं ऐक. तिथून नीघ. माझी पुढची खोली रिकामी आहे, उजेड चांगला येतो, आठ-दहा चटया सहज मावतील. इथल्या बायका कधीच्या मागे लागल्यात. रविवारच्या आधीच ये. माफी मागू नकोस आणि आरोपही करू नकोस. खोटं बोलायचं नाही हे खरं, पण प्रत्येक खरं सभेत बोलायलाच हवं असं कुठे आहे? योगाच्या पाच यमांमध्ये अहिंसा पहिली येते, सत्य नंतर. तो क्रम उगाच नाही.

तो हॉल तुझ्या आजोबांनी उभा केला. धाकट्याला दुसरं काही येत नाही. भर सभेत त्याचं नाक कापलंस तर तो कुठे जाईल? आणि बाबाचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

ड्रायव्हरबाईंना मी माझ्या ओळखीच्या व्यायामोपचारवाल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता पाठवते. त्या हुशार आहेत.

येताना उशी आणू नकोस, इथे खूप आहेत.

आत्या

१६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.

आधी इथलं सांगते. काल वर्ग संपल्यावर काका चटया गुंडाळत होते. मी सरळ विचारलं, “काका, ड्रायव्हरबाईंच्या पाठीवर तुम्ही वजन टाकलं होतं का?”

ते हसले. ते हसणं तुला माहीत आहे, ओठ मिटून. “हा प्रश्न कोण विचारतंय? तू, की तुझा अहंकार?”

“मी विचारतेय.”

“तुला संशयाने पछाडलंय. आधी स्वतःवर संशय, आता गुरूवर. संशय म्हणजे साधनेतला अडथळा, भिंतीवर रंगवून ठेवलंय ते रोज वाचतेस ना?”

“त्या म्हणाल्या, त्यांनी दोनदा पुरे म्हटलं.”

“शरीर नेहमीच पुरे म्हणतं. त्याच्या पलीकडे न्यायचं हेच आपलं काम.” मग आवाज मऊ केला. “रविवारी मोकळेपणाने सांगून टाक. माफी मागितली की माणूस हलका होतो गं.”

यावर ‘मग तुम्हीच व्हा ना हलके’ असं म्हणायला हवं होतं. ते मला जिना उतरून रस्त्यावर आल्यावर सुचलं. प्रत्यक्षात मी फक्त “बरं” म्हणाले. ‘बरं’ म्हणाले याची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतेय.

पण एक झालं. ते बोलत असताना माझे हात गार पडले नाहीत. आणि मला कळलं की काका ज्याला संशय म्हणतात तो संशय नाहीच. संशय म्हणजे दोन्ही टोकं धरून लटकत राहणं: मी चुकले असेन, मी चुकले नसेन. तसं मी तीन आठवडे लटकले. त्या लटकण्याचा सगळा फायदा त्यांना झाला. मला ते अडथळ्यातून बाहेर काढत नव्हते, त्यात बसवून ठेवत होते.

आता तुझ्या अहिंसेबद्दल. पहिली आहे, मान्य. म्हणूनच तर! हिंसा माझ्या बोलण्याने होणार नाही, ती होऊन गेली आहे, थंडीतल्या सकाळी नव्हे तर भर उन्हाळ्यात, गरम झालेल्या शरीरावर, कसलंही निमित्त नसताना. जिची मांडी फाटली ती पालथी पडलीय, आणि तुला काळजी कापल्या जाणाऱ्या नाकाची! मी गुपचूप तुझ्या उजेडाच्या खोलीत आले तर सोमवारी काका दुसरी मुलगी पुढे बसवतील, तिला डोळे मिटायला सांगतील, आणि पुन्हा कुणाच्या तरी पाठीमागे बसतील.

आणि ती मुलगीच असेल. आपल्या घरात मोजतात बायका आणि फिरतात पुरुष, कधी लक्षात आलं का तुझ्या? बायकांचा आवाज गोड म्हणे. गोड आवाजाने वर्गाची जबाबदारी घ्यायची आणि मुक्याने हात फिरवायचा. किती सोयीची रीत आहे! आजोबांनी घातली तेव्हा त्यांच्या मनात असं नसेलही. मला माहीत नाही, म्हणून त्यांच्यावर लिहीत नाही.

एकच विचारते, आणि याचं उत्तर हवंय. अठरा वर्षं तू मोजायचीस आणि काका फिरायचे. त्यांचा हात तुला ठाऊक होता का?

१८ एप्रिल

चि. काटकुळीस,

तुझं पत्र आजच मिळालं, लगेच लिहायला बसले. फार चिडली आहेस. चिडून केलेलं काम नीट होत नाही.

इथे सगळं ठीक. पुढच्या खोलीला चुना देऊन घेतला. खिडकीची कडी बदलली.

शिकवताना मन लागत नसेल तर एक सांगते. मोजायच्या जागेमागे भिंतीवर आजोबांचा जुना पंखा आहे ना, तो लावून ठेवत जा. खडखडतो खूप, पण त्याच्या आवाजात बाकीचं काही ऐकू येत नाही आणि मोजणी शांत चालते. मी तर हिवाळ्यातही लावायचे.

डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

तब्येत सांभाळ.

आत्या

२० एप्रिल

आत्या,

उत्तर मिळालं.

हिवाळ्यातही लावायचीस. हे वाक्य तू चुकून लिहिलंस की मुद्दाम, ते मला कळत नाही, आणि विचारणारही नाही. माझा राग तुझ्यावर आहे आणि तो राहील बराच काळ. सर्वांत जास्त राग याचा, की ज्या बाईने मला पातेल्यासमोर बसवून खरं ओळखायला शिकवलं, तिने स्वतः मात्र कान बंद करायची युक्ती शोधली. आणि त्याच बाईमुळे मला आज माझ्या कानांवर विश्वास ठेवता आला, म्हणून तुझ्यावर नीट रागावताही येत नाही. याचाही राग येतो.

मागच्या पत्रात उन्हाळ्याचं आणि गरम शरीराचं लिहिलं ते भरात लिहिलं. वर्ग सकाळचा होता, खिडक्या उघड्या होत्या, शरीरं किती गरम होती हे मला माहीत नाही. ते खोडून टाक. बाकीचं राहू दे.

काल पुन्हा ड्रायव्हरबाईंकडे गेले. पत्ता दिला. मी सभेत सांगितलं तर चालेल का, असं विचारलं, कारण पाठ त्यांची आहे. त्यांनी पत्त्याचा कागद उशीखाली सरकवला. मग म्हणाल्या, “ताई, तुम्ही सांगाल आणि सगळे माझ्याकडे वळून बघतील.”

“तुम्ही नका येऊ.”

“येणार तर! उभी राहीन मागे भिंतीला टेकून. ‘पुरे’ मी म्हटलं होतं, ते मीच सांगणार. तुम्ही तुमचं सांगा.” आणि मग जरा वेळाने, “तुमची नोकरी जाईल ना?”

मी म्हटलं, जाईल.

“माझीही चाललीच आहे. निदान बस चुकली म्हणून बसस्टॉपला शिव्या देत नाही बसायचं,” म्हणाल्या आणि हसल्या. दुखलं त्यांना हसताना.

सगळी भीती गेली असं वाचायची तुझी इच्छा असेल, पण तसं नाही.  सभेत बोलताना आवाज कापेल हे मला माहीत आहे. मी चांगली शिक्षिका आहे का, याचं उत्तर अजून माझ्याजवळ नाही. ते रविवारी मिळणारही नाही. पण त्या सकाळी काय झालं हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असायला मी आधी चांगली शिक्षिका असण्याची गरज नाही. इतके दिवस मी हे दोन प्रश्न एकत्र बांधून फिरत होते. गाठ सोडली तेव्हा दुसरा प्रश्न अगदी हलका निघाला.

बोलणार आहे ते असं. मोजणी मी केली आणि ती नेहमीएवढीच होती. काका ड्रायव्हरबाईंच्या मागे गुडघ्यावर बसले ते मी ऐकलं, बाईंचा श्वास तुटला तो मी ऐकला. डोळे उघडल्यावर मी कुणालाही काही विचारलं नाही आणि तीन आठवडे गप्प राहिले, तेवढा दोष माझा. यापुढे पाठीवर आलेला हात नको असेल तर नको म्हणायचं, मोठ्याने, वर्गाच्या मध्यात, आणि न थांबणारा माणूस मग कुणीही असो, तो शिकवत नसतो. एवढंच. कागदावर लिहिलं नाही, कारण वाचताना मी कागदाच्या मागे लपेन.

बाबांना आज सगळं सांगितलं.  मी वाट बघत होते, आता उठतील म्हणून. उठले नाहीत. “मला कुठे बसायचंय?” एवढंच विचारलं.

तुझ्या खोलीचं आत्ता काही सांगत नाही. तू आलीस तर ये, न आलीस तर तेही मला समजेल. येणार असशील तर गाडी सकाळी लवकर पोहोचणारी पकड. काका माझं नाव पुकारतील तेव्हा मी उभी राहीन: रविवारी, २३ एप्रिलला.

काटकुळी